बांधातले बीळ आणि खाडीतला जिताडा

आमच्या खारेपाटात एखाद्याच्या घरी जावई आला की घरातली म्हातारी माणसे आधी खाडीकडे बघतात. पाणी भरतीचे आहे की ओहोटीचे, यावरून रात्रीच्या जेवणाचा अंदाज बांधतात. जावयाच्या पानात जिताडा पडला तर सासरवाडीची अब्रू राहिली, असे आमच्याकडे समजतात. नुसती कोळंबी पडली तर जावई काही बोलत नाही, पण त्याची आई पुढे वर्षभर बोलते.

हा जिताडा मी तरुणपणापासून होडीतून गरीने धरत आलो आहे. आता साठी जवळ आली. आजवर किती धरले याचा हिशेब ठेवला नाही. पण त्यातल्या एका जिताड्याची गोष्ट मी घराबाहेर कोणाला सांगितली नव्हती. ती आज सांगतो. शेतकऱ्यांच्या अंकात माशाची गोष्ट कशाला, असे काही वाचक म्हणतील. शेवटपर्यंत वाचले तर ध्यानात येईल की ही गोष्ट माशापेक्षा शेताचीच जास्त आहे.

खारेपाट म्हणजे काय

घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. रायगड जिल्ह्यात अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते आणि ही खाडी रेवस-करंजापाशी समुद्राला जाते. या खाडीच्या काठाने अलिबाग आणि पेण तालुक्यांची जी सखल जमीन आहे, तिला खारेपाट म्हणतात. पूर्वजांनी मातीचे लांब बांध घालून ही जमीन खाडीकडून मिळवलेली. भरतीचे पाणी बांधाबाहेर चढते, तेव्हा आमचे शेत त्या पाण्याच्या पातळीखाली असते. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. मध्ये फक्त मातीचा बांध. बांधात जागोजाग उघाड्या असतात. ओहोटीला उघाडीचे झडप बाहेर ढकलले जाऊन शेतातले पावसाचे पाणी खाडीत जाते, आणि भरतीला तेच झडप बाहेरच्या पाण्याने दाबून मिटते.

या जमिनीसाठी माणसांनी पुष्कळ सोसले आहे. १९३३ ते १९३९ या काळात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. वर्षानुवर्षे जमीन कसली नाही. आमची आजी सांगे, त्या वर्षांत डोंगराने लाकूड दिले आणि खाडीने मासळी दिली, म्हणून पोरे जगली. त्यामुळे आमच्याकडे शेत आणि खाडी या दोन्ही गोष्टींना सारखाच मान. माणूस आगरी असो की कोळी, त्याला भाताचेही कळावे आणि पाण्याचेही कळावे, अशी अपेक्षा असते.

तांडेलकाकांची शाळा

मला भाताचे शिक्षण बाने दिले. आम्ही वडलांना बा म्हणत असू. पाण्याचे शिक्षण दिले ते आमच्या शेजारच्या कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने. तरुणपणी ते मोठ्या गलबतावर तांडेल होते, म्हणून सारा गाव त्यांना तांडेलच म्हणे. मी तांडेलकाका म्हणत असे. उतारवयात त्यांच्याकडे वल्ह्याची एक लहान होडी होती. वल्हवायला तरुण हात हवे होते आणि मला जिताडा हवा होता. असे आमचे जमले.

पहिल्या दिवशी मी होडीत बसलो आणि लगेच गरी काढली. काका म्हणाले, "बाला, गरी ठेव खाली. पयलं पानी ओलख."

पाणी ओळखायला पंचांग लागते. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण भरण्याची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू. थोडे मागेपुढे होते, पण काठावरच्या माणसाचे काम भागते. त्यानंतर सुमारे सहा तास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी फार चढते आणि फार उतरते, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमारास पाणी कमी हलते, ती भांग. उधाणाच्या भर ओढीत होडी एका जागी राहत नाही आणि आमिषही तळाला टिकत नाही. पण पाणी उलटण्याच्या आगेमागे जो थोडा वेळ खाडी श्वास धरल्यासारखी थांबते, तो जिताड्याचा वेळ.

जिताडा मागे धावणारा मासा नाही. तो दबा धरणारा आहे. उघाडीच्या तोंडाशी, जुन्या खांबाशी, बुडालेल्या झाडाच्या मुळाशी, जिथे धार फुटून मागे वळते तिथे तो आडोशाला उभा राहतो. पाण्याबरोबर कोळंबी, बोईट, चिवणे वाहत आले की तोंड उघडतो, आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. पाण्याच्या वरच्या अंगाला त्याने असे धरले तर रिकामी घागर पाण्यात उलटी बुडवल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला की काका बोट ओठांवर ठेवत. होडीत वल्हे आपटायचे नाही, डबडे खडखडवायचे नाही. "पान्याला कान हायेत," असे ते म्हणत.

आमिष जिवंत हवे. आधी पाग टाकून बोटभर लांबीचे बोईट धरायचे आणि पाण्याच्या घमेल्यात ठेवायचे. गरी त्याच्या पाठीच्या मांसातून घालायची, कण्याला लागू द्यायची नाही. कण्याला लागली की बोईट मरतो, आणि मेलेल्या बोईटाला जिताडा विचारीत नाही. तंगूस जाड, वीस वाव लांब, लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली. शिसे थोडेच. दोन बोटांना जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची. ती न गुंडाळता मी एकदा बसलो होतो. त्या दिवसाचा वळ अजून उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर आहे.

आणखी एक शिकवण. जिताड्याला मोठे सुळे नसतात, तोंड कानशीसारखे नुसते खरखरीत असते. पण गालावरचे कल्ल्याचे झाकण पात्यासारखे धारदार. तो पाण्याबाहेर उडी घेऊन डोके झाडतो तेव्हा त्या झाकणाने तंगूस कापतो. म्हणून मासा वर येऊ लागला की हात खाली, तंगूस पाण्यालगत धरायची. होडीत घेताना कल्ल्यात बोटे घालायची नाहीत. रात्री कंदील धरला तर त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसतात.

द्वादशीचा दिवस

ही गोष्ट १९८८ सालची. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. श्रावण शुद्ध द्वादशी होती. भात फुटव्यावर आले होते. लावणी वेळेवर झाली होती आणि पाऊसही बरा होता. असे हिरवे शेत मी त्याआधी दोन-तीनदाच पाहिले होते.

सकाळी बा म्हणाला, "उदान येतंय. उघारीपासून फेरी मार. कुठं झिरपतंय का बघ."

बांधावरून फेरी मारणे हे खारेपाटातल्या प्रत्येक घराचे काम. बांधाचा मोठा वैरी लाट नव्हे, खेकडा. तो बाहेरच्या अंगाने बीळ करतो, ते आतल्या अंगाला निघते, आणि भरतीचे पाणी त्यातून वाट काढते. आधी झिरपते, मग धार लागते, मग मातीच वाहू लागते.

नऊच्या भरतीला मी बांधावर होतो. उघाडीपासून दक्षिणेला दोन-अडीच हातांवर आतल्या अंगाला ओल दिसली. वाकून बघितले तर बोटभर भोक, आणि त्यातून पाणी येत होते. गढूळ. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर थोडा दम धरता येतो. गढूळ येत असेल तर ते आतली माती खात आहे, हे मला लहानपणापासून माहीत होते. ओहोटी लागली की बाहेरच्या अंगाने बीळ खणायचे, शेवटापर्यंत जायचे आणि चिकण मातीचे गोळे तुडवून भरायचे. दोन माणसांचे तासा-दोन तासांचे काम.

पण त्या दिवशी तांडेलकाकांनी मला बोलावले होते. आदल्या रात्री त्यांनी खाडीच्या एका वळणावर, जुन्या धक्क्याच्या खांबांपाशी, तो घागरीसारखा आवाज दोनदा ऐकला होता. मी मनात म्हटले, बीळ कुठे पळून जाते आहे? संध्याकाळी येऊन बुजवू. पायाने थोडी माती आतून दाबली आणि निघालो.

ओहोटीबरोबर होडी खाली सोडली. पाऊस भुरभुरत होता. खांबांच्या वरच्या अंगाला दगड सोडून होडी उभी केली. तीनच्या सुमारास पाणी थांबले. काठावरचा चिखल चकाकत होता, तिवरांची मुळे उघडी पडली होती. मी बोईट सोडला. तो खांबाकडे पोहत गेला, तंगुसीवर त्याची बारीक थरथर बोटाला लागत होती. मग ती थरथर वाढली. बोईट घाबरला होता. काकांनी नुसती मान हलवली.

पाणी उलटून भरतीचा पहिला जोर लागला आणि तंगूस हातातून गेली. ओढ अशी की मी गुडघ्यावर आलो. काका ओरडले, "खांबाकरं जाऊ देव नको!" त्यांनी दगडाचा दोर सोडून दिला आणि वल्ह्याने होडी खांबांपासून दूर घेतली. मासा एकदा उडाला. अंग सगळे रुपेरी, पाठ काळसर, तोंड उघडे. मी हात खाली नेला. दुसऱ्यांदा तो उडाला तेव्हा अर्धाच बाहेर आला. अर्धा तास गेला असेल. शेवटी तो होडीच्या कडेला आडवा झाला, काकांनी आकडी घातली आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला आत घेतला.

घरी तागडीत घातला तर साडेअकरा किलो भरला. पोटात गाभोळी होती. काका ती बघून थोडे गप्प झाले. "मादी व्हती," एवढेच म्हणाले.

या माशाविषयी एक गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. जिताडा आरंभी नर असतो, आणि काही वर्षांनी मोठा झाला की त्याची मादी होते. म्हणजे खाडीतले जे मोठे जिताडे, ते बहुतेक माद्याच. पावसाळ्यात त्या खाडीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात अंडी घालतात, आणि बारीक पिल्ले भरतीबरोबर आत, शेताच्या कडेच्या उथळ पाण्यापर्यंत येतात. काकांना हे पुस्तकातून माहीत नव्हते. तरी श्रावणातली मोठी मादी मारल्यावर ते गप्प होत, यावरून त्यांना काय कळत होते ते समजावे.

त्या रात्री घरात सणच झाला. जेवताना बाने विचारले, "बांद बघितलास ना?"

"बघितला," मी म्हणालो.

बघितला हे खरेच होते. पुढचे मी बोललो नाही, एवढेच.

खांड

त्रयोदशीला आईने जिताड्याच्या तुकड्या घेऊन मला पेणकडे बहिणीच्या घरी पाठवले. तिथे राहा म्हणाले, राहिलो. चतुर्दशीला परत आलो तो मुसळधार पावसात, अंधार पडल्यावर. उद्या सकाळी पहिले काम बीळ, असे ठरवून झोपलो.

दुसरा दिवस नारळी पौर्णिमेचा. कोळीवाड्यात वाजंत्री लागली होती. मी फावडे घेऊन निघालो तेव्हा पाणी चढू लागले होते आणि वारा समुद्राकडून होता. भरतीला बाहेरून बीळ खणता येत नाही. आतून मातीच्या पाट्या टाकाव्या म्हणून मी पळत गेलो. पोहोचायच्या आधीच हाक आली, "खांड गेली! खांड गेली!"

ज्यांनी खांड जाताना पाहिली नाही त्यांना ते सांगणे कठीण. आधी बांधाचा माथा बसला, बैलगाडीच्या चाकाएवढा. मग दोन्ही कडांची माती ढासळू लागली. अर्ध्या तासात दहा हात रुंद वाट झाली आणि खाडी शेतात शिरली. माणसे पेंढ्याचे भारे, दरवाजे, बांबू, जे हाताला लागेल ते टाकत होती. पाणी सगळे उचलून आत नेत होते. बा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. मी त्याच्या शेजारी उभा राहून भारे टाकत होतो, आणि तोंडातून शब्द निघत नव्हता.

आमच्या बंदिस्तीत चाळीसच्या वर घरांची शेती होती. फुटव्यावरचे भात खाऱ्या पाण्यात आठवडाभर राहिले आणि पिवळे पडून कुजले. वास महिनाभर गावात होता.

तिसऱ्या दिवशी भरतीला तांडेलकाका होडी घेऊन आले. "बस," म्हणाले. आम्ही खांडीतून आत गेलो. होडी आमच्याच शेतावरून चालली होती. खाली वाकून बघितले तर भाताचे शेंडे पाण्यात हलत होते. कडेला बोईट उड्या मारीत होते, आणि बांधाच्या कोपऱ्यात तो घागरीसारखा आवाज झाला. जिताडा माझ्या शेतात आला होता.

काका म्हणाले, "आता हिते जिताडा लय येल. पन मी हिते गरी टाकनार नाय."

त्यांनी टाकली नाही. मी मात्र टाकली. घरात भात नव्हते. ती दोन वर्षे मी खांडीच्या तोंडाशी होडी लावून जिताडे धरले, अलिबागच्या बाजारात विकले आणि त्या पैशांत तांदूळ विकत आणला. सात पिढ्यांत आमच्या घरात तांदूळ विकत आला नव्हता. बाने त्या दोन वर्षांत जिताड्याला हात लावला नाही. रागावून नव्हे. "आवडत नाय आता," म्हणायचा आणि सुकटीबरोबर भाकर खायचा.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही खांड बांधली. फाल्गुनाच्या उधाणाला ती पुन्हा गेली. पुढच्या जुलैत, १९८९ साली, अंबा नदीला महापूर आला. वर सुधागड तालुक्यात जांभूळपाड्याची दैना झाली, कितीतरी माणसे गेली. तो गाळ आमच्या उघड्या शेतापर्यंत आला. खांडीच्या आत पाण्याने इतके खणले की तिथे दोन पुरुष खोल डोह झाला.

भांगेचे दिवस

१९९० च्या आरंभी, पौषात, गावाने पुन्हा उचल घेतली. थोडी सरकारी मदत आली, बाकी अंगमेहनत. प्रत्येक घराचा एक माणूस, रोज. खांड बांधायची ती भांगेच्या दिवसांत, पाणी कमी हलते तेव्हा. आधी खुंटांच्या दोन ओळी, मध्ये पेंढा आणि चिकण माती, वरून दगड. दोन्ही बाजूंनी बांध पुढे आणायचा आणि मधली शेवटची वाट एकाच ओहोटीत बंद करायची. पुढची भरती यायच्या आत माथा वर यायलाच हवा.

त्या शेवटच्या ओहोटीला रात्र होती. बत्त्या लावल्या होत्या. माणसांची रांग, हातोहात पाट्या. बा रांगेच्या टोकाला माती तुडवत होता आणि त्याच्या अलीकडे मी होतो. का कोण जाणे, त्या वेळी माझे तोंड उघडले.

"बा, ते बीळ मी बघितलेलं. बारशीलाच. पानी गढूल येत व्हतं. मी होरीवर गेलो."

तुडवणारे पाय थांबले. मला वाटले, आता सगळ्या गावासमोर बोलेल. त्याने विचारले, "कनच्या अंगाला व्हतं?"

"उघारीच्या दक्षिनंला. दोन-अडीच हातावं."

तो काही वेळ त्या बाजूला बघत राहिला. मग म्हणाला, "तिकरं आनखी दोन पाट्या दे."

त्या दोन पाट्या मी दिल्या. त्याने त्या स्वतः तुडवल्या. त्यानंतर तो वारला तोवर, म्हणजे पुढची सतरा वर्षे, त्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. खांड मात्र टिकली.

जमीन गोडी व्हायला वेळ लागला. पावसाचे पाणी शेतात कोंडायचे, ओहोटीला उघाडीतून सोडायचे, पुन्हा कोंडायचे. मीठ असे धुवून काढावे लागते. पहिल्या वर्षी खारे पाणी सोसणारा राता पेरला, तो निम्मासुद्धा आला नाही. नंतर पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या जाती लावल्या. चौथ्या वर्षी खळ्यावर पूर्वीसारखी रास लागली. त्या रात्री बाने आपणहून विचारले, "जिताडा नाय आनला?"

डोहातले तळे

खांडीच्या आतला तो डोह बुजवणे परवडण्यासारखे नव्हते. त्याला कडेने बांध घातला आणि तळे केले. आमच्या खारेपाटात शेताच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची रीत जुनीच आहे. श्रावण-भाद्रपदात खाडीच्या उथळ पाण्यातून पिल्ले धरून आणतात आणि तळ्यात सोडतात. मीही सोडली. पहिल्या वर्षी तीनशे सोडली आणि चाळीसही हाती आली नाहीत, कारण मोठे पिल्लू लहान पिल्लाला खाते. म्हणून पिल्ले निवडून, सारख्या मापाची एकत्र ठेवावी लागतात. लहान मासळी आणि कोळंबी पोटभर मिळाली तर वर्षात अर्धा ते एक किलोचा जिताडा होतो.

आता बियाण्यासाठी खाडीवरच अवलंबून राहावे लागत नाही. थायलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जिताड्याची पिल्ले हौदात तयार करण्यात यश आले. आपल्या देशात चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संशोधन संस्थेने १९९७ साली ते साधले. आमच्या जिताड्यालाच गोव्याकडे चोणक म्हणतात, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामंडी, हे मला तळ्यामुळेच कळले. नावे किती, पण खोड एकच, आडोशाला उभे राहायचे.

मी आजही होडी काढतो. तांडेलकाका गेले, होडी त्यांच्या नातवाने मला दिली. श्रावणात मोठी मादी लागली तर सोडून देतो. घरातली तरुण मंडळी हसतात. हसू देत.

ज्यांची शेती खाडीकाठी आहे त्यांना दोन शब्द सांगून संपवतो. उधाणाच्या आधी तीन-चार दिवस बांधावरून फेरी मारा, आणि ती भरतीच्या वेळी मारा. ओहोटीला बीळ दिसत नाही. स्वच्छ पाणी दिसले तर खूण करून ठेवा आणि ओहोटी लागली की बघा. गढूळ दिसले तर हातातले काम टाका. बीळ वरवर बुजवू नका, शेवटापर्यंत खणून भरा. बांधाबाहेरची तिवरे तोडू नका, लाटेचा पहिला मार तीच अंगावर घेतात. आणि खांड गेलीच, तर वर्षामागून वर्ष ती तशी सोडू नका. आमच्याकडे काही बंदिस्त्या तशाच राहिल्या, शेतात तिवरे उभी राहिली. तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे, ती काढता येत नाहीत. त्या घरांची शेते आता कागदावरच आहेत.

ज्यांची शेती खाडीकाठी नाही त्यांच्याही बांधाला कुठे ना कुठे बीळ असतेच. विहिरीची ढासळती कड असेल, सोसायटीचा थकलेला हप्ता असेल, घरातला न बोललेला शब्द असेल. ते आपण पाहिलेले असते. "बघितला" असे आपण म्हणतो, आणि ते खोटेही नसते.

आमच्या घरात आता नियम आहे. द्वादशीला होडी निघत नाही. सकाळच्या भरतीला नातवाला घेऊन मी बांधावर जातो. उघाडीपासून दक्षिणेला दोन-अडीच हातांवर आलो की तो विचारतो, "आबा, हितं दर वेली का थांबतस?" मी त्याला सांगतो, इथे माती चांगली आहे का ते बघायचे असते. मोठा झाला की बाकीचे सांगेन.